दोन सूत

दि. ९, मंगळवार, दुपार

प्रिय टिल्लीस,

आशीर्वाद सगळ्यात आधी देऊन ठेवतो. पत्र संपेपर्यंत ते घ्यायची तुझी इच्छा राहील की नाही, सांगता येत नाही, म्हणून आत्ताच घेऊन ठेव.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते. दुकान आणि घर यांच्या मधल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने नवीन यंत्र आणलंय, त्याचा आवाज थेट माझ्या डोक्यावर येतो. इथे गिऱ्हाईक बाकावर बसून बूट घालून बघत असतं, वरून कोणीतरी "आई गं" म्हणून किंचाळतं, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. समोरच्या बेकरीवाल्याने दुकान मुलीच्या हाती दिलं. पाव पूर्वीपेक्षा चांगला झालाय, पण हे त्याला तोंडावर कोणी सांगत नाही.

तुझी लेक शनिवारी येऊन गेली. आल्या आल्या तिने काउंटरवरचा पसारा आवरला, मला ओरडली, मामीने पुढ्यात ठेवलं ते सगळं खाल्लं, आणि जाताना तुझी चिठ्ठी दिली. चिठ्ठी कसली, पाकिटाच्या मागे खरडलेल्या चार ओळी. "दादा, पुढच्या महिन्याअखेर बारा पोरींना घेऊन माझ्या पहिल्या शिखरावर जातेय. जुने बूट गेले. मापाला यायला अजिबात वेळ नाही. जुन्या फर्म्यावरच कर, तुला माझा पाय पाठ आहे."

अठ्ठावन्नाव्या वर्षी तू डोंगर चढणार याचं मला नवल वाटलं नाही. दुकानातल्या फळ्यांवरून चढून सगळ्यात वरच्या खोक्यापर्यंत जाणारी पोर तू, बाबा कातडं कापायची रापी हातात धरून खाली उभे, आणि तू वरून विचारतेयस, "बाबा, इथे किती नंबरचे बूट ठेवलेत?" तुला खाली कसं आणायचं हे आमच्या घरात कोणालाच कधी कळलं नाही. पण चिठ्ठीतल्या शेवटच्या पाच शब्दांनी मला तीन दिवस काम सुचू दिलेलं नाही. तुझ्या पायाचा लाकडी फर्मा कपाटातून काढून ठेवलाय, आणि अजून त्याला दुसऱ्यांदा हात लावलेला नाही.

फोन का नाही केलास, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "बोल दादा, पटकन बोल," म्हणतेस, आणि मी घसा खाकरेपर्यंत मागून कोणीतरी तुला हाक मारतं. हे पटकन बोलायचं नाही.

मशीनच्या वरच्या खिळ्याला तुझ्या पायांच्या मापाचे कागद अजून टांगलेले आहेत. अकरा आहेत. रविवारी खाली काढले, धूळ झटकली आणि बाकावर ओळीने मांडले. लोक तुझ्याबद्दल पुस्तकात वाचतात, त्यात शिखरांच्या उंच्या आणि तारखा असतात. मला विचारशील तर तुझं सगळं आयुष्य या तपकिरी कागदांवर आहे.

पहिला बाबांनी काढलेला. तू पंधरा वर्षांची, शाळेच्या सहलीला डोंगरावर जायचं म्हणून बूट हवे होते. बाबा म्हणाले, माप घेतल्याशिवाय बूट नाही, मग गिऱ्हाईक घरचं का असेना. माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर वापरून पाय पसरलेला असतो तेव्हा. बुटात जे मोजे घालणार तेच दोन-दोन घालून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. आधी उजवा, मग डावा. तुला त्या जाड मोज्यांतूनही गुदगुल्या व्हायच्या. पेन्सिल तळव्याच्या खळग्यापाशी आली की तू खिदळायचीस आणि पाय मागे घ्यायचीस. त्या कागदावर उजव्या पायाची आतली रेघ अजून वाकडी आहे. "टिल्ले, दात काय काढतेस! डोंगर पायांनी चढायचाय!" असं बाबा ओरडले होते, आणि ओरडता ओरडता स्वतःच हसले होते.

एकोणिसाव्या वर्षीचा कागद पहिल्या मोठ्या शिखराचा. तू उतरलीस तेव्हा पेपरात फोटो आला, गळ्यात बूट अडकवलेला. बाबांनी तो दुकानाच्या काचेत लावला आणि येईल त्याला आधी बूट दाखवले, मग मुलगी. चोविसाव्या वर्षीचा बाबांनी काढलेला शेवटचा. तेव्हा तू तुकडीची म्होरकी झालीस, चार दांडगे पुरुष तुझ्या मागे एकाच दोराला बांधलेले, आणि तू त्यांच्या खांद्याइतकी. सत्ताविसाव्या वर्षीचा माझा. घसरून पडली होतीस, प्लास्टर नुकतं निघालेलं, उजवा घोटा सुजलेला दिसतो. एकतिसाव्या वर्षीचा लग्नाच्या आदल्या आठवड्यातला. तेव्हा मी तुला विचारलं होतं, लग्नालाही हेच बूट घालणार का? आणि तू खरंच विचारात पडली होतीस.

तेहतिसाव्या वर्षीचा कागद नाही. त्यानंतर थेट चौतिसाव्या वर्षीचा आहे, डाव्या पायाला तीन बोटं असलेला.

त्या मधल्या वर्षाबद्दल लोकांनी तुला शंभर वेळा विचारलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. आज न विचारता सांगतो.

तू सकाळी आली होतीस, लेकीला कडेवर घेऊन. साडेसहा महिन्यांची होती. तिला काउंटरवर बसवलंस, तिने दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा पकडला आणि चोखायला घेतला. तू म्हणालीस, "दादा, म्हाताऱ्याच्या तुकडीत माझं नाव आलं!" म्हातारा! तुम्ही मंडळी एवढ्या शिखराला असं नाव ठेवता, जसा काही तो दारात खोकत बसलाय. तोवर एकही बाई त्याच्या माथ्यावर पोचली नव्हती. आणि तू चप्पल काढून, कागद कुठे ठेवलास म्हणून इकडेतिकडे बघायला लागलीस.

मी म्हणालो, "राहू दे. घाल चप्पल. तुझा पाय मला पाठ आहे."

बाळंतपणानंतर बाईचा पाय पसरतो, हे बाबांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. दुसरी कोणी असती तर मी तिला संध्याकाळी परत बोलावलं असतं. तुला मी सांगितलं की कामाची घाई आहे. पुढे इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आलो. टिल्ले, त्या सकाळी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मला राग आला होता. एवढंसं पोर टाकून ही चालली, आणि वर आनंदाने नाचतेय, असं वाटलं. माप घ्यायचं तर तुझ्या पायाशी बसावं लागलं असतं, आणि मान वर केली की तुझा तो फुललेला चेहरा दिसला असता. मला तो बघायचा नव्हता.

बूट केले. मन लावून केले, टाका टाक्याला लावून. पण फर्मा लग्नाआधीचा. तू न्यायला आलीस तेव्हा मी मागच्या खोलीतून बाहेर आलो नाही, तुझ्या वहिनीने दिले. तू घालून बघितलेस आणि तिला म्हणालीस, "नवे आहेत, होतील सैल." मी आतून ऐकलं. निघालीस त्या दिवशी स्टेशनवरही आलो नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तू माथ्यावर पोचलीस. उतरताना वादळाने गाठलं, बर्फात उकरलेल्या खड्ड्यात तुम्ही सतरा तास बसून काढलेत, आणि डाव्या पायाची दोन बोटं तू म्हाताऱ्याला देऊन आलीस. डॉक्टर म्हणाले, थंडी. तू म्हणालीस, माथ्यावर जास्त वेळ रेंगाळले, चूक माझी. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

पट्ट्या निघाल्यावर मी हॉस्पिटलात येऊन माप घेतलं. उजवा पाय धड होता. त्याचा कागद घरी आणून एकतिसाव्या वर्षीच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला धरले. चवड्यापाशी दोन सूत फरक. पेन्सिलीच्या जाडीएवढा. आणि डावा तर तुझा लहानपणापासून उजव्यापेक्षा मोठा. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, हे बूट शिवणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. थंडी होतीच, वादळही होतं. बूट दोन सूत मोठा असता तर बोटं वाचली असती का, हे मला ठाऊक नाही. पण पंचवीस वर्षांत मी स्वतःला ते विचारलं नाही असा दिवस गेलेला नाही.

आणि तू काय केलंस? जिथे बोलायला उभी राहशील तिथे एक वाक्य ठरलेलं. "माझ्या पायांत माझ्या भावाचे हात होते." की टाळ्या. त्या मोठ्या सत्काराला मी पहिल्या रांगेत होतो. तू ते म्हणालीस, अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं, आणि मी खोकल्याचं सोंग करून बाहेर पळालो. तुझ्या वहिनीने मला आठवडाभर खोकल्याचं औषध पाजलं. कडू जहर होतं. मुकाट्याने प्यालो. तुझ्या त्या वाक्यावर दुकान चाललं, लांबून लांबून लोक आले, काचेतल्या तुझ्या फोटोसमोर उभे राहून मला म्हणाले, तुमच्या बहिणीसारखे बूट करा. मी त्यांचं माप घेतलं, संध्याकाळीच, दोन-दोन मोजे घालायला लावून.

त्यानंतर तुला मी मापाशिवाय एकदाही सोडलं नाही. तीन बोटांच्या पायाने तू आणखी पाच शिखरं चढलीस, आणि दर वेळी मी डाव्या बुटाच्या टोकाशी मऊ लोकरीचा नमदा भरला, उरलेल्या बोटांना जागा सोडून. तू वैतागायचीस, "दादा, पाय तोच आहे रे, कालचाच." असेल. मला खात्री करून घ्यायची असते.

काल तुझी वहिनी चहा घेऊन दुकानात आली, तर मी ते दोन कागद काचेला धरून उभा. तिला मी यातलं अवाक्षर कधी सांगितलेलं नाही. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "अकरा कागदांतले हे दोनच तुम्ही काचेला धरता, हे मी काय आज बघतेय? मला नका सांगू. जिचे पाय आहेत तिला सांगा." आणि गुडघ्याला शिव्या देत वर गेली.

म्हणून हे पत्र. आता तू ठरव. चौकातला तो उंच चांभार चांगलं काम करतो. त्याचं नाव मी स्वतःहून घेतोय, यावरून समजून घे. त्याच्याकडे गेलीस तर मी वाईट वाटून घेणार नाही. खोटं कशाला लिहू, घेईन, पण चालेल. जुन्या फर्म्यावर मात्र मी करणार नाही. माझ्याकडेच करायचे असतील तर ये. संध्याकाळी ये, दिवसभर चालून, दोन मोजे घालून. हल्ली माझा हात जरा कापतो, पेन्सिल सरळ राहीलच असं नाही, तेही आधीच सांगून ठेवतो.

त्या सकाळी तुझ्या पायाशी बसायला ज्याला जमलं नाही, तो,

तुझा
दादा

---

दि. १३, शनिवार

दादा,

"प्रिय" शेवटी लिहीन. आधी रागावून घेते.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांच्या समोर उघडलं. मला वाटलं, कातडं कुठलं हवं ते विचारलं असशील. दुसरं पान आलं तेव्हा उठून दार लावून घेतलं. काचेच्या दाराचा काही उपयोग नसतो. बाहेर बारा पोरी दोराच्या गाठी मारायचा सराव करत होत्या, आणि त्यांना वाटलं, त्यांच्या गाठी बघून बाई रडतायत. बिचाऱ्यांनी सगळ्या सोडून परत मारल्या.

राग दोन सुतांचा नाही. तू हे पंचवीस वर्षं एकट्याने गिळून बसलास आणि मला तिथे उभं राहून टाळ्या घेऊ दिल्यास, त्याचा आहे. एकदा तरी हात धरून खाली बसवायचं होतंस. ते औषध तू प्यायलास ते बरं झालं. आणखी आठवडाभर पाजायला हवं होतं.

आता माझं ऐक. हे कुठल्या भाषणात नाही आणि पुस्तकातही नाही.

पायथ्याच्या तळावर तिसऱ्याच दिवशी मला कळलं होतं की बूट आवळतायत. आमच्या म्होरक्याकडे जादा जोड होता, एक नंबर मोठा. तो दोनदा माझ्या तंबूत घेऊन आला. "हे घाल, हट्ट सोड," म्हणाला. मी नाही घातले. दादा, तू माझ्याशी बोलला नव्हतास. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत मी दारात उभी होते, गर्दीत तुझं डोकं शोधत. माझ्याबरोबर तुझं म्हणून आलेलं तेवढंच होतं. ते काढून परक्याचे बूट पायात घालायचे, हे मला जमेना. मला वाटलं, तुझे बूट घालून वर जाऊन आले की तू बोलशील.

आणि बोललास की. हॉस्पिटलात, पट्ट्या निघाल्या त्या दिवशी, कागद जमिनीवर पसरून म्हणालास, "पाय सरळ ठेव." तुला आठवतही नसेल. सहा महिन्यांत तुझ्या तोंडून मला उद्देशून निघालेले ते पहिले शब्द होते, आणि ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की बोटांचं मी काही दिवस विसरूनच गेले.

म्हणजे बूट घट्ट केलेस तू, आणि कळूनसवरून घातले मी. एकाच बापाची दोघं, हट्टाला कोण कमी पडतंय?

पोर ठेवून गेले याचा तुला राग आला. तो बरोबर होता की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. तळावर पहिले आठ दिवस माझा सदरा दुधाने भिजायचा, वाळवायला बाहेर टाकला की तिथल्या तिथे गोठायचा. हेही मी कोणाला सांगितलेलं नाही. लेकीला मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, "मामी होती की." तुझ्या रागापेक्षा मला ते जास्त लागलं, आणि बरंही वाटलं. वहिनीला हे वाचून दाखव.

चौकातल्या त्या उंच माणसाचं नाव पुन्हा काढू नकोस. गुरुवारी मी पोरींना दिवसभर चालवणार आहे, त्यांच्याबरोबर मीही चालेन, आणि तशीच दोन मोज्यांत तुझ्याकडे येईन. जेवूनच जाईन.

अट एकच. हॉस्पिटलातल्या त्या दिवसापासून तू माझं माप डाव्या पायापासून सुरू करतोस. खाली मान घालून, घाईघाईने, तोंडातून शब्द न काढता. मला वाटायचं, तुला ती जागा बघवत नाही, म्हणून आधी उरकून टाकतोस. या वेळी बाबांसारखं उजव्यापासून सुरू कर. डाव्याच्या त्या कडेला पेन्सिल लागली तरी मला आता कळत नाही. पण उजव्याला अजून गुदगुल्या होतात, दादा. इतकी वर्षं ओठ चावून उभी राहत आलेय, कारण खाली तू असा गप्प बसलेला. गुरुवारी मी हसणार आहे. पाय मागे घेणार आहे. तेव्हा तू मान वर कर, माझ्याकडे बघ, आणि बाबांसारखा ओरड.

रेघ वाकडी आली तर येऊ दे.

आशीर्वाद घेतले.

प्रिय दादाची,
टिल्ली